मुलांची न्याहारी



मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. भाषणाचा मला सराव नाही. पण मुलांच्या न्याहारीविषयी चार शब्द बोलावेत असे मंडळाने सुचविले, म्हणून उभी आहे.

हल्ली आपल्या नरसीच्या दुकानांतही चॉकलेटच्या चवीच्या चोकोजच्या पुड्या माळेने टांगलेल्या असतात. दिवसभर निंदणी करून आलेली आई मुलासाठी ती पुडी घेते. शहरातल्या मुलांना मिळते ते आपल्याही लेकराला मिळावे, ही तिची माया. त्या मायेला मी नावे ठेवीत नाही. पण तिच्या घामाच्या पैशातून लेकराच्या पोटात काय गेले, हे पाहायला हवे.

पुडीच्या मागच्या बाजूला जिन्नस छापलेले असतात. वजनाने जो जास्त, त्याचे नाव आधी, असा नियम आहे. साखर दुसरी-तिसरी आली तर सावध व्हावे. 100 ग्रॅममागे 30 ग्रॅम साखर लिहिली असेल, तर 30 ग्रॅमच्या वाटीतून 9 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चहाचे चमचे साखर पोटात जाते. दुधात आपण घालतो ती निराळी. इंग्रजी येत नसेल तर मुलांकडूनच वाचून घ्यावे, म्हणजे त्यांनाही समजेल.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना कळविले, की 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 13 टक्के साखरेतून येतात; ते 5 टक्क्यांवर जाऊ नयेत.

अशा पुड्यांत लोह व जीवनसत्त्वे घातलेली असतात, हे खरे. पण त्यासाठी एवढी साखर कशाला? नागपंचमीला आपण ज्वारीच्या लाह्या फोडतो. त्याच एरवीही दुधात घालून द्याव्यात, वर केळे चिरून टाकावे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. गूळ घालायचा तर बेतानेच, तोही साखरेचाच भाऊ. शिवाय दूधभाकरी, धपाटे, सुशीला आहेच.

सणावारी एखादी पुडी खाल्ल्याने बिघडत नाही. रोजची न्याहारी मात्र आपल्या चुलीवरची असावी. "भाकरी खेडवळ" असे मूल म्हणाले, तर रागावू नये. त्याच्याजवळ बसून आपणही तीच भाकरी खावी.