न आलेल्या किडीची गोष्ट



परदेशातल्या मराठी संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी शेतीवर बोलणार आहे. माझी उमेदीची वर्षं कोकणात, कृषी विस्ताराच्या कामात गेली आणि माझं बहुतेक लेखन बागायतदारांसाठी झालं. शेतीतलाही जो भाग साहित्यात फारसा येत नाही, तोच मी आज निवडला आहे. तो म्हणजे सरकारी नियम, नमुना, तपासणी आणि बंदरावरचा वनस्पती संगरोध.

आपण जमलो आहोत ते कुवेतमधलं अबू हलीफा आज उंच इमारतींचं गाव आहे. तेल निघण्याआधी अबू हलीफा, शेजारचं फिंतास आणि खालचं फहाहील ही किनाऱ्यावरची शेतीची गावं होती. विहिरीचं पाणी, त्यावर थोडी भाजी आणि खजुराची झाडं. कुवेतची गलबतं बसऱ्याकडचा खजूर भरून मुंबईला आणि पुढे मलबारापर्यंत जात, आणि सागवान, काथ्या, मसाले घेऊन परतत. १९६१ साली दिनार येईपर्यंत इथे व्यवहार रुपयात चालत होता. आपलं या भूमीशी असलेलं नातं नोकरीच्या व्हिसापेक्षा पुष्कळ जुनं आहे.

आपल्या बाजूच्या जगातून या भूमीत नको असलेली एक गोष्टही आली. कोकणातल्या नारळवाल्याला सोंड्या भुंगा कसा असतो हे सांगावं लागत नाही. तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा हा भुंगा दक्षिण आणि आग्नेय आशियातला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तो आखातात पोचला आणि १९९३च्या सुमारास कुवेतच्या खजुरात त्याची नोंद झाली. समुद्र ओलांडण्याचं बळ त्याच्या पंखांत नाही. माणसांनी रोपं नेली, खजुराचे फुटवे नेले, शोभेची झाडं मुळासकट उपटून जहाजावर चढवली, आणि त्यांच्या खोडात बसून तो देशोदेशी गेला. मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते. अळी आतला गाभा खात राहते आणि झाड बाहेरून हिरवंगार दिसतं. शेंडा लवंडला की बागवानाला कळतं, आणि तोवर बहुधा वेळ गेलेली असते. याच रीतीने तो पुढे इजिप्तला, स्पेनला, इटलीला गेला. अखेर २०१७ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेला या एका भुंग्यासाठी रोममध्ये देशोदेशीचे मंत्री आणि शास्त्रज्ञ बोलवावे लागले. इथल्या वफ्रा आणि अब्दलीच्या शेतांवर जे जातात, त्यांनी झाडांजवळ टांगलेले कामगंध सापळे पाहिले असतील. तसेच सापळे आम्ही रत्नागिरीच्या माडांच्या बागांत लावत आलो आहोत.

आता न आलेल्या किडीची गोष्ट सांगतो. मेक्सिकोतला कापसाच्या बोंडाचा एक भुंगा १८९२च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरला आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडची कापूसशेती त्याने होत्याची नव्हती केली. अमेरिकेचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत येत होता. १९०६ साली हिंदुस्थान सरकारने हुकूम काढला: हा कापूस फक्त मुंबई बंदरातच उतरेल आणि प्रत्येक गाठ धुरी दिल्याशिवाय बाहेर जाणार नाही. पुढे १९१४ साली विनाशकारी कीटक व कीड कायदा झाला. आपला आजचा संगरोध त्याच कायद्याच्या पायावर उभा आहे आणि २००३चा वनस्पती संगरोध आदेशही त्याखालीच निघाला. तो अमेरिकी भुंगा आजतागायत भारतात स्थिरावलेला नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसवाल्याला सावकार भेटला, दुष्काळ भेटला, गुलाबी बोंडअळी भेटली. पण हा शत्रू त्याला कधी भेटला नाही आणि त्याचं नावही त्याला ठाऊक नाही. मुंबईच्या गोदीत गाठींना धुरी देणाऱ्या कामगारांबद्दल मराठीत काही लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. जे संकट टळलं त्याची बातमी होत नाही.

जिथे पहारा ढिला पडला तिथली बातमी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरते. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानलं जातं. आज देशात ते नाही असा बांध शोधून काढावा लागेल. अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत, २०१८च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे आणि त्याच वर्षी आमच्या सोलापूरच्या मक्यावर दिसली. एकाच हंगामात तिने शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च वाढवून ठेवला.

म्हणून मी नियमांच्या बाजूचा माणूस आहे. २०१४ साली युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंब्यावर आणि वांगी, कारली, पडवळ, अळूवर बंदी घातली तेव्हा कोकणात संताप उसळला. त्या दिवसांत मी बागांमधून फिरत होतो. ऐन हंगाम होता, पेट्या भरून तयार होत्या, आणि समोरच्या माणसाला काय सांगावं ते सुचत नसे. तरीही एक गोष्ट खरी होती. आदल्या वर्षी फळमाशी आणि इतर किडी सापडलेल्या आपल्या मालाच्या खेपा २०७ होत्या. तिकडच्या शेतकऱ्यालाही आपलं पीक राखायचा हक्क आहे, जसा आपल्याला तो मुंबई बंदरात होता. त्यानंतर ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर आंबा ठेवण्याची प्रक्रिया रुळली, बागांची नोंदणी वाढली, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा फळमाशीसाठीचा ‘रक्षक’ सापळा नियमित लावा असं सांगणं सोपं झालं. २०१५च्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली. नियमाने बाग सुधारली.

पण नियम पाळणाऱ्याला तो वेळेवर कळला पाहिजे, आणि इथे माझी तक्रार आहे. २०१०चा द्राक्ष हंगाम नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना आठवत असेल. वेलीची वाढ रोखायला आपण जे सीसीसी वापरतो, त्याचे अंश युरोपात मोजले गेले. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. प्रयोगशाळेचा चांगला अहवाल हातात असलेले कंटेनर परक्या बंदरात अडकले आणि भुर्दंड बागायतदाराने सोसला. प्रत्येक पेटी कुठल्या प्लॉटची हे सांगणारी ग्रेपनेट व्यवस्था तेव्हाही चालू होती. शेतकऱ्याने सगळा हिशोब दिला होता. त्याच्याकडून काय मागितलं जाणार, एवढंच त्याला कुणी सांगितलं नाही.

२०२५च्या मे महिन्यात असंच पुन्हा घडलं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर किमान ४०० ग्रे इतकं विकिरण करावं लागतं, तेही अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली. नवी मुंबईत ही प्रक्रिया झालेल्या पंधरा खेपा कागदपत्रांतल्या त्रुटीवरून तिकडच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या आणि तो माल तिथेच नष्ट करावा लागला. आंब्यात कीड निघाली असं कुणी म्हटलं नव्हतं.

आणि बीटी कपाशीचं उदाहरण तर अगदी घरातलं आहे. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी दिली जात होती. ती कडेने लावायची, म्हणजे अळीची काही प्रजा बीटीशी झगडा न करता तिथे जगेल आणि प्रतिकारशक्तीचा फैलाव लांबेल. हेतू उत्तम, शास्त्र पक्कं. पण पुडीचं कारण शेतकऱ्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ज्या ओळीत अळी पडणार ती ओळ मुद्दाम का पेरायची? पुड्या बांधावर पडून राहिल्या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली तेव्हा एकरी उतारा कोसळला. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. कीटकनाशकांचा कायदा १९६८पासून आहे. डब्यावरची सूचना बारीक अक्षरांत होती आणि फवारणारा मजूर अनेकदा उघड्या अंगाने उभा होता.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. कचेरीतला कागद शेतकऱ्याला कसा नागवतो हे त्यांनी त्यात सांगितलं, आणि सरकारने ताली-बंधारे बांधावेत, शेतकऱ्याच्या मुलांना शेतीची विद्या द्यावी अशी मागणीही त्याच पुस्तकात केली. सरकारचा धाक नको आणि सरकारची जबाबदारी मात्र हवी, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाने एकाच श्वासात म्हटली. आज शेतीवर लिहिणारे आपण बहुतेक पहिल्यावरच थांबतो. प्रयोगशाळेचा अहवाल, वनस्पती-आरोग्याचं ‘फायटो’ प्रमाणपत्र, विकिरण केंद्रासमोरची ट्रकची रांग, हे सगळं शेतकऱ्याच्या आयुष्यात आहे, मग ते कथेत का नसावं? आणि कथेच्याही आधी, साध्या माहितीपर मराठीत का नसावं?

शेवटी, आपल्या स्वतःच्या बॅगांबद्दल. गावाहून येताना कढीपत्त्याचं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. कढीपत्त्यावर सिट्रस सिला ही बारीक कीड राहते आणि ती लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग नेते. फ्लोरिडात हा रोग २००५ साली सापडला. त्यानंतरच्या वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. नागपूरची संत्री पिकवणाऱ्या राज्यातल्या माणसांना याहून जास्त काही सांगायला नको. इथून परतताना खजुराचा फुटवा नेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मातीसकट रोप नेऊ नका आणि आणू नका. लागलंच तर रीतसर परवाना आणि प्रमाणपत्र घेऊन न्या. ते मिळवणं जिकिरीचं असतं हे मी जाणतो, तरी मी हे मनापासून मागतो आहे.

या संमेलनापुढे मी एक ठराव ठेवतो. आंबा, द्राक्ष, डाळिंब आणि भाजीपाला यांच्या निर्यातीसाठी आयातदार देशांच्या किडींच्या आणि रसायनांच्या याद्या महाराष्ट्र शासनाने दरवर्षी मोहोर आणि छाटणीच्या आधी, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, मराठीत प्रसिद्ध कराव्यात. त्यांचं मराठी तपासायला आपल्यातल्या लेखकांनी विनामोबदला वेळ द्यावा. इथे अन्नतपासणीत, गोदामांत, मालवाहतुकीत काम करणारे जे मराठी लोक आज बसले आहेत, त्यांनी आपल्या बाजूचे नियम लिहून पाठवावेत. ठरावाचा मसुदा स्वागतकक्षात ठेवला आहे. दुपारच्या सत्राआधी त्यावर सूचना द्या, आणि वफ्रा-अब्दलीच्या शेतांवर राबणाऱ्यांनी पहिल्यांदा बोला.