ग्लुटेन बंद केलं, तरी पोट का बिघडतं?

सीलिअ‍ॅक म्हणजे काय ते पटकन सांगतो. गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्यावर हल्ला करते. औषध एकच, आयुष्यभर ग्लुटेन बंद. पण काहींचा त्रास पथ्य पाळूनही परत येतो. माझ्या धाकट्या बहिणीचा आला. नातेवाइकांचं निदान तयारच होतं, 'चोरून पाव खात असणार!' आणि ती बिचारी रात्री दोन वाजता नेटवर 'रिफ्रॅक्टरी सीलिअ‍ॅक' आणि 'लिम्फोमा' वाचून रडत होती.

मी कोड लिहितो, डॉक्टर नाही. पण बग शोधताना आम्ही आधी साधी शक्यता तपासतो आणि डॉक्टरही तेच करतात. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे नकळत पोटात जाणारं ग्लुटेन. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. लेबल वाचा. आणि आपली गिरणी! ज्वारी तुमची, पण जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू. आपल्याकडे 'ग्लुटेन फ्री'ची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली, तरी ती ओलांडू शकते. पाव ग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. बहिणीची टीटीजी अँटिबॉडी अजून वाढलेलीच होती, म्हणजे ग्लुटेन कुठून तरी जातच होतं. आता घरघंटी आणलीये.

टीटीजी नॉर्मल आली म्हणून आतडं भरून आलंच असं मात्र नाही. ते बायोप्सीतच कळतं. कधी आतडं बरं असतं आणि त्रास दुसऱ्याच गोष्टीचा असतो. दूध पचत नाही, लहान आतड्यात जिवाणू वाढलेत, स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं कमी पडतायत.

हे सगळं तपासून झालं, कडक पथ्याला वर्ष झालं, तरी त्रास आहे आणि आतड्याचे उंचवटे सपाटच, तर मग 'रिफ्रॅक्टरी'. हे दुर्मीळ आहे. त्यातही दोन प्रकार. पहिल्यात आतड्यातल्या पांढऱ्या पेशी नेहमीसारख्या असतात, आणि ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडने बऱ्याच जणांना आराम पडतो. दुसऱ्यात त्या पेशीच बिघडलेल्या असतात. लिम्फोमाची खरी भीती असते ती मुख्यतः इथे.

दाखवायला जाताना अगदी पहिला बायोप्सी रिपोर्ट सोबत न्या. कारण काही जणांना मुळात सीलिअ‍ॅक नसतोच, तेही तेव्हाच कळतं.