गृहशिक्षण आणि केळकर संग्रहालय

मुलांना शाळेत न पाठवता पालकांनीच घरी शिकवणे, म्हणजेच गृहशिक्षण, पत्करणाऱ्या कुटुंबांना आपल्या गावातील संग्रहालय ही वारंवार वापरता येणारी प्रयोगशाळाच ठरू शकते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय या दृष्टीने विशेष उपयोगी आहे, कारण दिनकर केळकर यांनी अकाली निधन पावलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहात राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा दिवे, भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा नित्य वापरातील वस्तूंनाच मानाचे स्थान मिळाले आहे. तेथील नक्षीदार अडकित्ता घेतला, तरी टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार, म्हणजे सुपारी, मध्ये अशी रचना असलेली दुसऱ्या प्रकारची तरफ त्यात प्रत्यक्ष दिसते, आणि तिच्यामुळे विज्ञान, धातुकाम व विडा देण्याचा शिष्टाचार हे तिन्ही विषय एकाच वस्तूभोवती गुंफले जातात. सर्व दालने एका दमात पाहण्याचा आग्रह (जो बहुधा मोठ्यांचाच असतो) टाळून एका भेटीत एकच दालन निवडावे, मुलांनी वस्तूचे रेखाटन करावे, तिचा धातू व उपयोग आधी स्वतः ताडावा आणि मगच शेजारची माहितीपट्टी वाचावी.