फोटो तिचा, परवानगीही तिचीच

(मैंदर्गी येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपलं गाव वाटेवरचं आहे. अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन गाणगापूरला निघालेले अनेकजण इथून जातात. चहाला थांबतात, मोबाईल काढतात. दारात शेंगा फोडत बसलेली म्हातारी, बुरख्यातल्या दोन मुली, शाळेतून येणारी पोरं. फोटो निघतो, गाडी सुटते. आणि आपण हंपीला किंवा हैदराबादला गेलो की तिथल्या लोकांचे असेच फोटो काढतो. त्यामुळे हा प्रश्न फक्त 'त्यांचा' नाही.

आधी कायदा पाहू. रस्त्यावर, बाजारात कुणाचा फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. स्त्रीचा खासगी क्षणातला फोटो चोरून काढणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार गुन्हा आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही त्या निकालात आहे. कॅनडात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने मॉन्ट्रियलच्या एका मुलीला भरपाई मंजूर केली. ती एका इमारतीच्या पायरीवर नुसती बसली होती. न विचारता काढलेला तिचा फोटो मासिकात छापला गेला होता.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. आषाढीला चंद्रभागेत बायका स्नान करतात, वाळवंटात ओली लुगडी बदलतात. नदी सर्वांची आहे, पण तो क्षण त्या बाईचा आहे. ती विठोबासाठी आली आहे, आपल्या कॅमेऱ्यासाठी नाही.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून पुढचं सांगतो. मोबाईलने काढलेल्या फोटोच्या फाईलमध्ये अनेकदा वेळ आणि ठिकाणही नोंदलेलं असतं. तो एकदा दहा ग्रुपांत गेला की तुम्ही स्वतःचा डिलीट केला तरी बाकीचे राहतात. 'सुल्ली डील्स' जुलै 2021 मध्ये उघड झालं, 'बुल्ली बाई' 1 जानेवारी 2022 ला. समाजमाध्यमांवरचे मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. अटक झालेल्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. फोटो काढणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण तो पुढे कुणाच्या हातात पडेल हे त्याच्या हातात नसतं. प्रवासी निघून जातो. परिणाम भोगायला गावात राहते ती बाई.

आता आपल्याच घरातली गोष्ट. आपल्या मोहल्ल्यात कुणी बाईचा फोटो काढला की दहा तरुण धावून जातात. 'आमच्या इज्जतीचा प्रश्न आहे' म्हणतात. पण त्या बाईला कुणी विचारतं का? कदाचित तिला फोटो हवा असेल. तिच्या वतीने नकार देणारा भाऊ आणि तिला न विचारता क्लिक करणारा प्रवासी, दोघंही तिचं मत मोजत नाहीत. हा समाजाच्या इज्जतीचा प्रश्न नाही, एका नागरिकाच्या हक्काचा आहे. 'हो' तिचं आणि 'नाही'ही तिचंच.

अफगाण निर्वासित शरबत गुलाचा फोटो 1984 साली पेशावरजवळच्या छावणीत काढला गेला. जून 1985 मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि तिचे डोळे जगाने पाहिले. 2002 साली तिचा शोध लागेपर्यंत तिने स्वतः मात्र तो फोटो पाहिलेला नव्हता. गरिबाच्या चेहऱ्याचा प्रवास असा त्याच्याशिवाय होतो.

याचा अर्थ कॅमेरा बंद करा असा नाही. कुणाला मारहाण होत असेल, अधिकारी लाच मागत असेल, तर तो पुरावा आहे. तिथे परवानगी मागायची नसते. फक्त पीडिताचा चेहरा झाकून मगच तो पुढे द्या. बाजाराचा, यात्रेचा गर्दीचा फोटोही वेगळा. पण एकच चेहरा टिपायचा असेल तर आधी विचारा. भाषा येत नसेल तर मोबाईल दाखवून खूण करा. मान हलते की हात आडवा येतो, ते लगेच कळतं. काढलेला फोटो त्यांना दाखवा. तो टाकायचा असेल तर तेही वेगळं विचारा. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारा आणि मुलालाही. हात आडवा आला तर हसून पुढे चला.

विचारायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात समोरचा माणूस देखावा राहत नाही, आपल्याशी बोलणारा माणूस होतो.