दोष दोरींत दिसतो, असतो हातांत

पिसांची कृत्रिम माशी गळावर बांधून ट्राउट मासा धरण्याची कला ब्रिटन-अमेरिकेंत रीतसर शिकवितात. माशीला वजन असें नसतेंच. फेकावयाची ती जड दोरी, आणि तीही लवचिक काठीच्या बळावर. दगड भिरकावल्यासारखा हात टाकणारा विद्यार्थी येथें फसतो. त्याची दोरी मागें जमिनीवर लोळते. “मनगट मोडूं नका,” असें शिक्षकानें दहादां सांगून उपयोग नाहीं. मनगट मोडतें हें त्या बिचाऱ्याला जाणवतच नाहीं! त्यापेक्षां काठीचें बूड त्याच्या बाहींत खोंवावें. मनगट वळलें कीं बाही ओढली जाते.

दुसरा दोष अधिक फसवा. दोरीचा वरचा पदर खालच्यावर आदळून गांठ पडते. विद्यार्थी वाऱ्याला बोल लावतो. कारण बहुधा एकाएकीं लावलेला जोर. त्यानें काठीचें टोंक सरळ न जातां मध्येंच खालीं दबतें. अशा वेळीं हातांत रंगानें भरलेला कुंचला आहे, असें समजावयास सांगावें : वेग हळूहळू वाढवीत न्यावा आणि शेवटीं चटकन् थांबून रंग समोरच्या भिंतीवर उडवावा.

अमेरिकन शिक्षक ब्रूस रिचर्ड्‌स यांची रीत मला पटते. आधीं दोरी पाहावी, मग काठी, मग शरीर. सुधारणा मात्र शरीरापासून उलट क्रमानें करावी. सराव हिरवळीवर, गळाऐवजीं लोंकरीचा झुबका बांधून करवितात. समोर मासा नसल्यानें विद्यार्थ्याची नजर दोरीवरच राहते.