हलव्याचे दागिने आणि फावला वेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या संमेलनात केलेले भाषण)



'यंदा तुम्ही छंदातून अर्थार्जन या विषयावर चार शब्द बोला,' असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. एक तर मला उभे राहून बोलायची सवय नाही. हातात सुईदोरा असला की तोंड बरे चालते. दुसरे असे की, या विषयावर बोलणाऱ्या बाई बहुधा शेवटी सांगतात, बघा, मी कशी चार पैसे मिळवू लागले, तुम्हीही मिळवा. मलाही तसे सांगायला आवडले असते. पण माझ्या हिशेबाच्या वहीत तसे काही लिहिलेले नाही. तेव्हा मी म्हटले, वहीच घेऊन येते आणि त्यातले वाचून दाखवते. त्यांनी ते मान्य केले, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

तुमच्यापैकी पुष्कळजणी मला 'हलव्याच्या काकू' म्हणून ओळखतात. माझे माहेर साताऱ्याकडचे. पौषातली तिकडची कोरडी थंडी, आईपुढे मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि शेजारी वाटीत पाक. दूध घालून मळी काढलेला स्वच्छ पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचे. एका दिवसात काही होत नाही. दोन-तीन दिवस, कधी चार दिवस हे चालते, तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, शेगडी भडकली की पिवळे पडतात. आई म्हणे, हलव्याला तीन गोष्टी लागतात, थंडी, धीर आणि घरात रडके मूल नसणे.

लग्न होऊन मी रबाळ्यात आले, तेव्हा या तीनपैकी एकही जवळ नव्हती. एकीकडे खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर, मध्ये कारखाने. हवा अशी दमट की सकाळी काटा आलेला दाणा संध्याकाळी हात लावताच विरघळू लागतो. तरी मी करीत असे. पांढराशुभ्र नाही झाला तर नाही. घरच्या नव्या सुनेच्या अंगावर घरचा हलवा असावा एवढीच हौस.

पहिला पूर्ण साज मी केला तो २००९ साली, माझ्या मोठ्या जावेच्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला. बिंदी, कर्णफुले, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. काळ्या चंद्रकळेवर ते पांढरे दागिने असे उठून दिसले, की हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घ्यायचे विसरून मुलीकडेच बघत राहिल्या. जावेने माझी ओटी भरली. त्या ओटीतले खण-नारळ हीच माझी पहिली कमाई, आणि आता मागे वळून पाहता सगळ्यांत चोख कमाई तीच होती असे वाटते.

पुढच्या वर्षी शेजारणींनी मागितले, त्यांच्या बहिणींनी मागितले. 'काय देऊ?' असे कोणी विचारले की मी संकोचाने म्हणे, 'अहो, द्या काय द्यायचे ते.' भगिनींनो, हे वाक्य कधीही म्हणू नका. ऐकणारीला ते आवडते, पण ती तुमच्या कामाची नव्हे, तुमच्या भिडेची किंमत देते. एकीने दोनशे रुपये दिले आणि वर म्हणाली, 'तुम्हाला काय, आवडीचेच काम आहे.' आवडीचे आहे म्हणून फुकट, असा न्याय डॉक्टरला किंवा गवंड्याला कोणी लावीत नाही.

मग ह्यांच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या. घरात पैशाची खरी गरज लागली आणि माझ्या हौसेकडे सगळ्यांचे, माझेसुद्धा, लक्ष वेगळ्या नजरेने जाऊ लागले. ठाण्याच्या एका दुकानदाराने चाळीस साज मागितले. दुकानाचे नाव मी घेत नाही. २००४ पासून आपल्याकडून थेट ठाण्याची गाडी आहे. डबे घेऊन वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते, त्यामुळे मला ते फार सोयीचे वाटले. हे २०१६ च्या मार्गशीर्षातले.

आता वही वाचते. एका साजाला हलवा, जर, पुठ्ठा, मणी, दोरा आणि डबा मिळून २६० रुपये. (एवढ्या साजांना घरचा हलवा पुरणे शक्य नव्हते; तो मी दादरहून तयार आणला. ही पहिली तडजोड. दाणे सारखे होते, पांढरे होते, आणि माझे नव्हते.) एका साजाला वेळ अकरा तास. एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा, काटा मोडू द्यायचा नाही. यंत्राने हे होत नाही. दुकानदार देणार साजाला ६०० रुपये, तो विकणार १५०० ला. चाळीस साजांचे ४४० तास झाले, आणि संक्रांतीपर्यंत दिवस होते पंचेचाळीस. म्हणजे रोज जवळजवळ दहा तास. स्वयंपाक, धुणी, सासूबाईंची औषधे हे सोडून. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसे. साखरेने बोटांना चिरा पडल्या, मान अशी आखडली की गाडीत मागे वळून बघता येईना. घरात सगळीकडे साखर सांडलेली, मुंग्या झालेल्या. ह्यांनी खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

८ नोव्हेंबरला नोटाबंदी झालेली होती, गिऱ्हाइकांनी हात आखडते घेतले होते. रथसप्तमी झाल्यावर दुकानदाराने नऊ साज परत दिले. 'माल उठला नाही,' म्हणाला. बोलीच तशी होती म्हणे. ती मी नीट ऐकली नव्हती, आणि कागद तर कोणताच नव्हता. रथसप्तमीनंतर हलव्याच्या दागिन्याला कोण विचारतो? काटा मोडलेला, पाझरलेला तो माल मी पाण्यात विरघळवून टाकला. एकतीस साजांचे १८,६०० रुपये मिळाले, तेही होळीच्या सुमारास. त्यातून माल वजा जाता उरले ८,२००. भागिले ४४० तास. तासाला साडेअठरा रुपये.

हा भागाकार मी तीनदा केला. चूक सापडली नाही.

पण वहीत न लिहिलेले एक आहे. त्याच जानेवारीत माझ्या पहिल्या नातवाचे बोरनहाण होते. कल्याणला लेकीकडे गेले, तर पोराच्या अंगावर बाजारातून आणलेला मुकुट आणि बासरी. हलवा कसला, प्लॅस्टिकचे मणी. मी नेईन या भरवशावर तिने आधी काही आणले नव्हते. मी चाळिसाव्या साजात गुंतलेली, सांगायचेही विसरले. ती तोंडाने काही बोलली नाही. बोरे, हरभरे, चुरमुरे त्याच्या डोक्यावरून ओतताना सगळ्यांनी हसून फोटो काढले. त्या फोटोत मी नाही, मी स्वयंपाकघरात होते.

आता जे सांगते ते सांगायचे की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. पुढच्या वर्षी मी दुकान सोडले, परंतु कामे मात्र घेतली, आणि मदतीला गावठाणातल्या दोन बायका घेतल्या. दाणे ओवायचे काम त्यांचे, मांडणी माझी. ओवायला सात तास लागतात हे मला चांगले ठाऊक होते. मी त्यांना साजाला १२० रुपये सांगितले. आणि काय म्हणाले? 'घरबसल्या, फावल्या वेळात होऊन जाईल.' त्यांतली थोरली पहाटे उठून मासळी घेऊन ऐरोलीला जाते, दुपारी येऊन सुनेचे मूल सांभाळते. तिने माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, 'फावला वेल कोनाला हाय गो ताई?'

तासाला सतरा रुपये होतात. त्या दुकानदाराने मला दिले त्याहूनही कमी. आणि त्याच्याविषयी मी आख्ख्या आळीत बोलत होते!

माझी लेक ग्रंथालयात काम करते. तिला हे सांगितले, तेव्हा तिने मला आंध्रातल्या नरसापूरची हकीगत वाचून दाखवली. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जाऊ लागली, व्यापारी आणि निर्यातदार मोठे झाले. मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषीने त्या बायकांमध्ये जाऊन अभ्यास केला आणि १९८२ साली पुस्तक लिहिले. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास लेस विणीत होत्या. पण त्या कामकरी नव्हेत, घरंदाज गृहिणी, फावल्या वेळात विणतात, असेच सगळे धरून चालत. आणि फावल्या वेळाला मजुरी ती कसली द्यायची! मला वाटले, हे तर माझेच वाक्य. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करारही केला. आपल्या देशाने अजून तो स्वीकारलेला नाही.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच घ्या. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहायचा तो सवाशिणींनी. १९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी तिथे पोहोचले, चित्रे कागदावर आली, जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताबद्दल बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु चौक लिहिणाऱ्या त्या सवाशिणींची नावे मात्र कोणी सांगत नाही. बाजारात गेलेली वस्तू कोणाच्या नावावर चढेल, हे काही करणारीच्या हातात नसते.

असो. मी त्या दोघींकडे गेले आणि वही पुढे ठेवली. तासाला पन्नास रुपये, मलाही आणि त्यांनाही, असे ठरले. साजाची किंमत माल धरून ८१० झाली. निम्मी रक्कम आधी, परत माल घ्यायचा नाही, संक्रांतीच्या आठ दिवस आधी यादी बंद. परिणाम काय झाला तोही सांगते: त्या वर्षी कामे चौदाच आली. एक जुनी शेजारीण, जिला मी पूर्वी फुकट देत असे, ती रागावली आणि अजून नीट बोलत नाही. तिचे मला वाईट वाटते. किंमत सांगितली याचे वाटत नाही. आताशा मोबाईलवर फोटो दाखवून 'अगदी असेच हवे' म्हणणाऱ्या वाढल्या आहेत. पूर्वी मला रात्री झोपताना नवे नक्षीचे फूल सुचे, आणि फसले तर मी मोडून टाके. ठरलेल्या नगात मोडायला वेळ नसतो. हे दुखणे दर वाढवूनही बरे झालेले नाही, हे तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

हळूहळू कामे पुन्हा वाढली. यंदा आम्ही तिघी मिळून पंचवीस साज करणार आहोत, सव्विसावा नाही. मंडळाच्या ज्या भगिनींना ओवण्याच्या कामात यायचे असेल त्यांनी दर आधी विचारावा. वही माझ्याकडे उघडीच असते.

आणि मार्गशीर्षात थोडी थंडी पडली की तीन दिवस मी घरी शेगडीवर परात ठेवणार आहे. हलवा विकायचा नाही. नातवाच्या धाकट्या बहिणीचे बोरनहाण आहे, तिच्यापुरता. काटा कसा येतो हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी दुपारी तीननंतर यावे. दाणे सारखे फिरवत राहावे लागतात, तेव्हा येणारीने हात धुऊनच बसायचे आहे.