अपंगांचें साहाय्य आणि कागदांचा मेळ



शाळेचें दाखलखारीज रजिस्टर लिहिण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माझ्यासारख्या शिक्षकानें सरकारी साहाय्याविषयीं बोलावें, हें आपणांस थोडें चमत्कारिक वाटेल. परंतु मला ह्या विषयाकडे ओढलें तें त्या रजिस्टरानेंच.

गेल्या वर्षीं जिंतूर तालुक्यांतील माझा एक जुना विद्यार्थी कुबडी टेकीत दारीं आला. पोलिओनें लहानपणींच त्याचा एक पाय निकामी केला. दहावी होऊन तो शिवणकामावर पोट भरतो. वय पंचेचाळिशीच्या घरांत. म्हणाला, "गुरुजी, तहसिलींतून अर्ज परत आला. आधारावर एक जानेवारी आहे, टी.सी.वर एक जून. खरी तारीख कोणती तें आधीं ठरवून या म्हणतात."

तो एक जून माझ्या हातचा. त्या काळीं खेड्यांत जन्माची नोंद क्वचितच होई. आणि मुलाला पहिलींत घ्यावयाचें तर शाळा उघडतांना सहा वर्षें पुरीं झालेलीं दिसलीं पाहिजेत, म्हणून आम्ही शिक्षक सरसकट एक जून लिहीत असूं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं झाला," असें त्याच्या आईनें मला स्पष्ट सांगितलें होतें. परंतु रजिस्टरांत पोळ्याचा रकाना नव्हता. पुढें आधार काढणारानें नुसतें वय विचारून एक जानेवारी घातला. आम्ही दोघांनीं आपापली सोय पाहिली, आणि हेलपाटे त्याच्या वांट्याला आले.

तो मागत होता तें काय? संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यांत १९८० पासून आहे. तींतून निराधारांप्रमाणेंच दिव्यांगांनाही दरमहा साहाय्य मिळतें. (सरकारी शब्द 'दिव्यांग', माझ्या पिढीच्या तोंडीं 'अपंग' बसला आहे, त्याची क्षमा असावी.) दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून पंधराशें रुपयांवरून अडीच हजार झाली. वय १८ ते ६५, अपंगत्व निदान ४० टक्के, महाराष्ट्रांत १५ वर्षांचा रहिवास आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आंत, अशा अटी आहेत. अर्ज आपल्या तालुक्याच्या तहसील कचेरींत करावयाचा. पैसे आधाराशीं जोडलेल्या बँक खात्यांत जमा होतात; तेव्हां नांवांतील एक काना-वेलांटीही तेथें आडवी येऊं शकते.

ह्या सर्वांच्या आधीं लागतें तें अपंगत्वाचें प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र. त्याचा अर्ज 'स्वावलंबन' ह्या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्याला शुल्क नाहीं, म्हणून दलालाचा खिसा भरण्याचें कारण नाहीं. मग सरकारी रुग्णालयांत तपासणी होते. ४० टक्क्यांखालीं पांढरें, ४० ते ७९ पर्यंत पिवळें आणि ८० पासून पुढें निळें, असे ओळखपत्राचे रंग आहेत.

आपणांपैकीं कित्येकांस वाटेल, हें गोरगरिबांचें प्रकरण, आमचा संबंध काय? १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. स्वमग्नता, सिकलसेल, थॅलॅसेमिया, अध्ययन-अक्षमता हीं सारीं त्यांत आलीं. मासिक साहाय्याला उत्पन्नाची अट आहे, प्रमाणपत्राला नाहीं. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागा, परीक्षेंतील लेखनिक, एस.टी.च्या भाड्यांतील सवलत, सगळें त्या एका कागदावर अवलंबून. मोठ्या मुलीचें लग्न अडेल ह्या भयानें धाकट्या मुलाचें प्रमाणपत्र काढूं न देणारें एक सुशिक्षित घर मला ठाऊक आहे. मुलगा लेखनिकावांचून दहावीला बसला आणि गेला. मुलगी तर पुढें सुखानें नांदत आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी विचारीत नाहीं. ग्रामपंचायत असो वा नगरपालिका, स्थानिक संस्थेनें आपल्या स्वउत्पन्नाचा पांच टक्के भाग दिव्यांगांसाठीं खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेंत उभें राहून हिशेब मागणारा कोणी भेटला, तर तो निघतो.

माझ्या विद्यार्थ्याचें सांगतों. आधारावरील जन्मतारीख साधारणतः एकदांच बदलून मिळते, तेव्हां घाई करून चालणार नव्हतें. त्याच्या दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर माझाच एक जून उतरला होता. तेंच पुरावा म्हणून देऊन आधी आधार दुरुस्त केलें, मग बँकेचें खातें पाहिलें, मग ओळखपत्राचा अर्ज भरला. रुग्णालयाच्या रांगेंत त्याच्याबरोबर मीही उभा राहिलों. तो "तुम्ही बसा, गुरुजी," म्हणे. परंतु त्या दिवशीं मला बसवेना.

ओळखपत्र टपालानें आलें, पिवळें. तहसिलींत अर्ज पुन्हां दाखल झाला. आतां सगळ्या कागदांवर तारीख एकच आहे, एक जून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं त्याची आई अजूनही त्याला ओवाळते.